स्ट्रीमर चालू आहे, गाणं वाजतंय, पण ॲपमध्ये दिसतच नाही

तीव्र_मध्यम | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नाशिकला आमचं खाली-वर असं दुमजली घर. दोन वर्षांपूर्वी बाबांसाठी गाण्याची व्यवस्था लावून दिली. खाली हॉलमध्ये फायबरचा राउटर आणि त्यालाच जोडलेला नॅस, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी. नॅसवर बाबांचा जन्माचा साठा आहे. सीड्या तर आहेतच, पण रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटी मी दोन उन्हाळे बसून संगणकावर घेतल्या. सगळं मिळून साडेआठशे जीबी. वर बाबांच्या खोलीत नेटवर्क स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून गाणं घेऊन वाजवणारा डबा, त्याला ॲम्प्लिफायर आणि बाबांचे जुने स्पीकर. स्ट्रीमर वायरवर आहे, वाय-फायवर नाही. बाबा टॅबवरच्या ॲपमध्ये गाणं निवडतात, मग 'कुठे वाजवायचं' या यादीत स्ट्रीमरवर बोट ठेवतात, की झालं. यूपीएनपी किंवा डीएलएनए म्हणतात तो प्रकार.

पावणेदोन वर्षं काही तक्रार नव्हती. दिवाळीनंतर मात्र स्ट्रीमर त्या यादीतून गायब होतो. प्लग काढून घातला की परत दिसतो, थोड्या वेळाने पुन्हा बेपत्ता. गंमत म्हणजे चालू असलेलं गाणं बंद पडत नाही! लावलेला राग शेवटपर्यंत नीट वाजतो. फक्त पुढचं काही लावायला जावं तर यादीत स्ट्रीमरच नाही. नॅस मात्र कायम दिसतो.

बाबा ७४ वर्षांचे. पहाटे पाचला उठून भैरव किंवा ललत लावायची त्यांची सवय. आता पहाटे पाचला टेबलाखाली वाकून प्लग काढून घालणं हा नित्यनेम झालाय. कंबर धरली तर आई मला घराबाहेर काढेल.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. काय बघू?

खटपट्या | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आधी नेहमीचे यशस्वी प्रश्न.

टॅब नक्की त्याच वाय-फायवर आहे ना? पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय असतं, त्यावर टॅब गेला तर घरातलं काहीच दिसत नाही. फायबरवाल्याच्या राउटरमागे तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर लावलाय का? आपल्याकडे बऱ्याच घरांत हाच घोळ असतो. दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात, टॅब एका वस्तीत आणि स्ट्रीमर दुसऱ्या. टॅबवर व्हीपीएन चालू आहे का? घरात आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी आहे का बघा. आयओएस १४ पासून ती न दिल्यास ॲप आंधळं होतं.

तीव्र_मध्यम | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३२

एकच राउटर, एकच वाय-फाय. व्हीपीएन नाही. टॅब अँड्रॉइडचा. माझ्या फोनवरही तेच होतं, त्यामुळे टॅबचा दोष नसावा. आणि टॅबला नॅस दिसतोच आहे, म्हणजे परवानगीचा प्रश्नही नाही.

शून्य_ओहम | १२ नोव्हेंबर, रात्री ११:१८

स्ट्रीमरसोबत आलेला ॲडॅप्टर फेकून द्या आणि चांगला लिनिअर पॉवर सप्लाय लावा. स्विचिंग ॲडॅप्टरच्या गोंगाटाने नेटवर्क चिप गोंधळते. आणि कॅट-८ केबल घ्या. माझ्याकडे बदलल्यापासून तंबोऱ्याच्या जवारीत जमीन-अस्मानाचा फरक पडलाय.

दादरकर_काका | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

ओहमराव, जवारी केबलीत नसते हो, घोडीवर असते. असो. मुलाचा प्रश्न स्ट्रीमर दिसत नाही हा आहे, आवाज कसा येतो हा नाही.

तीव्र_मध्यम, चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत म्हणून सांगतो. दोष शोधताना पहिला प्रश्न असा की वस्तू मेली आहे की नुसती दिसेनाशी झाली आहे. गायब झाल्यावर ब्राउझरमध्ये स्ट्रीमरचा पत्ता टाकून त्याचं पान उघडतं का ते बघ. पत्ता राउटरच्या यादीत मिळेल. पान उघडलं तर वस्तू जिवंत आहे, नाही उघडलं तर केबल, क्लिप, वीज यांकडे वळायचं.

कुडाळचा_पाऊस | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

काकांचा मुद्दा बरोबर आहे, त्यात आमच्याकडचा अनुभव जोडतो. कोकणात लाइट म्हणजे पाहुणा. गेली आणि आली की स्ट्रीमर अर्ध्या मिनिटात उठून बसतो, फायबरचा राउटर मात्र दोन-तीन मिनिटं आळोखेपिळोखे देतो. स्ट्रीमर विचारतो, 'माझा पत्ता काय?' उत्तर द्यायला कोणी नाही. मग तो कंटाळून स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. राउटर जागा झाला तरी आमचा हट्टी आपला पत्ता सोडत नाही. म्हणजे गावात असून वेशीबाहेर. राउटर इन्व्हर्टरवर घेतला आणि स्ट्रीमरला राउटरमधून कायमचा पत्ता नेमून दिला तेव्हा सुटका झाली. स्ट्रीमरच्या पडद्यावर १६९ दिसतंय का बघा.

तीव्र_मध्यम | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

काका, केलं. स्ट्रीमर ॲपमधून गायब असतानाच त्याचं पान उघडून पाहिलं. लगेच उघडलं! पत्ता १९२.१६८ वालाच आहे, १६९ नाही. त्या पानावरून आवाज कमी-जास्तही करता येतो.

अजून एक विचित्र गोष्ट. ताई सुट्टीला आली आहे, तिच्या आयपॅडवर हाच स्ट्रीमर एअरप्लेच्या (ॲपलची गाणं पाठवायची सोय) यादीत कायम दिसतो. म्हणजे माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये नाही आणि त्याच क्षणी ताईच्या आयपॅडवर आहे. ताई म्हणते, "तुझं ॲपच भिकार आहे." दुसरं ॲप टाकून बघितलं, तीच रड.

खटपट्या | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आता एक सोपा प्रयोग करा. स्ट्रीमरची वायर काढा आणि त्याला वाय-फायवर घ्या. दोन दिवस बघा.

तीव्र_मध्यम | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००

दोन दिवस वाय-फायवर ठेवला. एकदाही गायब झाला नाही! पण वर वाय-फाय जेमतेम पोचतं. मोठ्या फाइल अडखळतात, द्रुत लयीत तबला मधूनच गिळला जातो. बाबांनी फर्मान काढलं, "हे तुटकं गाणं नको, त्यापेक्षा मी वाकतो."

मग लांब केबल आणली. राउटरमधून निघून जिन्यावरून लोंबकळत थेट स्ट्रीमरपर्यंत. तेव्हाही अख्खा दिवस उत्तम! म्हणजे भिंतीतली जुनी केबलच खराब, हो ना?

दादरकर_काका | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

वरवर तसं वाटतं खरं. उंदीर, ओल, नाहीतर क्लिपेत एखादी तार नीट बसलेली नसणार. पण मग पान कसं उघडत होतं, हे मला खटकतंय. घाई करू नकोस.

तीव्र_मध्यम | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

घाई केली. :(

इलेक्ट्रिशियनला बोलावून पाइपातून नवी कॅट-६ ओढून घेतली, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा पंच केल्या. अठराशे रुपये गेले. संध्याकाळी जोडलं, दिसलं, बाबा खूश. जेवून वर जाऊन बघतो तर पुन्हा गायब.

आता मात्र मी हरलो.

पिंगळा | १९ नोव्हेंबर, रात्री ११:४७

धागा आत्ता वाचला. एक विचारतो. लोंबकळणारी केबल राउटरपासून थेट स्ट्रीमरपर्यंत होती. भिंतीतली नवी केबलही राउटरपासून थेट स्ट्रीमरपर्यंतच आहे का?

तीव्र_मध्यम | २० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

हो, म्हणजे जवळजवळ. ती जिन्यातल्या डब्यात येते आणि तिथून वर जाते.

पिंगळा | २० नोव्हेंबर, सकाळी ७:३४

कसला डबा?

तीव्र_मध्यम | २० नोव्हेंबर, सकाळी ८:०२

तो कॅमेऱ्यांचा. दिवाळीआधी घराला चार कॅमेरे बसवून घेतले. कॅमेरेवाल्याने जिन्यात एक लोखंडी डबा ठोकलाय, त्यात त्याचा रेकॉर्डर आणि आठ पोर्टांचा नेटवर्क स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारा) आहे. वर जाणारी एकच केबल होती, म्हणून त्याने ती मध्ये तोडून त्या स्विचमध्ये घातली. त्याने चांगलं केलं, नाहीतर अजून एक पाइप फोडावा लागला असता.

खटपट्या | २० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

अहो!!! आठ दिवस झाले, पंधरा प्रतिसाद झाले, आणि हे आत्ता सांगताय?

दादरकर_काका | २० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

"दिवाळीनंतर" हा शब्द पहिल्याच प्रतिसादात होता रे. दिवाळीला काय बदललं हे आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही. माझीही चूक आहे. एक्स्चेंजमध्ये हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचो, निवृत्तीत गंज चढला.

पिंगळा | २० नोव्हेंबर, सकाळी ८:४१

सगळे धागे जुळतायत. वाय-फाय आणि लोंबकळणारी केबल, दोन्ही या स्विचला टाळून जात होत्या. पण स्विचला फाशी देण्याआधी पुरावा गोळा करू. आज संध्याकाळी घड्याळ घेऊन बसा. स्ट्रीमर बंद करून चालू करा. यादीत पहिल्यांदा दिसला की वेळ लिहा. त्यानंतर दर मिनिटाला फोनवरचं ॲप पूर्ण बंद करून नव्याने उघडा, आणि कितव्या मिनिटाला दिसेनासा होतो ते नोंदवा. तीनदा करा. त्याच वेळी बाबांच्या टॅबवर ॲप सतत उघडं ठेवा, त्याला हात लावू नका, आणि तिथून तो कधी जातो तेही लिहा.

तीव्र_मध्यम | २० नोव्हेंबर, रात्री १०:५५

केलं. आईला वाटलं मी अंडी उकडतोय.

फोनवर तिन्ही वेळा चार मिनिटं होईपर्यंत दिसला आणि पाचव्या मिनिटाला नाही. तिसऱ्या वेळी दर दहा सेकंदांनी उघडत होतो, तेव्हा चार मिनिटं दहा सेकंदांना होता आणि चार मिनिटं तीस सेकंदांना नव्हता. टॅबवर मात्र दोनदा बघितलं, तिथे एकतिसाव्या आणि तेहतिसाव्या मिनिटाला गेला.

केबल खराब असती तर ती इतकी वक्तशीर कशी असेल, हे आता माझ्याही डोक्यात येतंय.

पिंगळा | २१ नोव्हेंबर, रात्री १२:२०

सापडला. हा आयजीएमपी स्नूपिंगचा खेळ आहे. झोपायच्या आधी लिहून टाकतो.

ॲप स्ट्रीमरला शोधतं ते घरभर हाक मारून. 'कोणी गाणं वाजवणारं आहे का?' ही हाक २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर जाते, १९०० नंबरच्या पोर्टवर. स्ट्रीमर ती ऐकून 'मी आहे' म्हणतो. हाक पोचलीच नाही तर उत्तर नाही, आणि उत्तर नाही तर यादीत नाव नाही. एकदा ओळख झाली की मात्र सगळं एकास एक चालतं. नॅसवरून गाणं स्ट्रीमरकडे सरळ जातं, त्यात हाकेचा संबंध नाही. म्हणून चालू गाणं थांबत नाही आणि स्ट्रीमरचं पानही उघडतं.

आता स्विच मध्ये काय करतो? लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. साधा स्विच म्हणजे जो आला त्याच्या पानात वाढत सुटणारा वाढपी. स्नूपिंग करणारा स्विच हुशार असतो, ज्याने हात वर केला त्यालाच जिलबी वाढतो. स्ट्रीमर चालू होताना हात वर करतो, 'मला त्या पत्त्यावरच्या हाका हव्यात.' स्विच ते लक्षात ठेवतो. पण स्ट्रीमर आपण होऊन पुन्हा पुन्हा हात वर करत नाही, तशी रीतच नाही. पंक्तीत मधूनमधून 'जिलबी कोणाला?' असं विचारत फिरणारा यजमान हवा. नेटवर्कात त्याला क्वेरिअर म्हणतात. तो विचारतो तेव्हा हात वर होतात आणि वाढप्याची आठवण ताजी राहते. तुमच्या घरी वाढपी आहे, यजमान नाही. कोणी विचारत नाही, कोणी हात वर करत नाही, आणि थोड्या वेळाने वाढपी समजतो की यांचं झालं.

हा 'थोडा वेळ' किती? ठरलेल्या आकड्यांनुसार यजमान दर १२५ सेकंदांनी विचारतो. त्याचे दोन फेरे चुकले तरी चालतात, वर उत्तराला १० सेकंद. १२५ गुणिले २ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. म्हणजेच चार मिनिटं वीस सेकंद. तुमचं घड्याळ बघा.

टॅबचं कोडंही सुटतं. स्ट्रीमर उत्तर देताना 'माझी ही ओळख इतका वेळ धरा' असंही सांगतो. यूपीएनपीच्या नियमात तो काळ किमान १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास ठेवायला सांगितलाय. टॅबने पहिल्या चार मिनिटांत ओळख करून घेतली आणि पुढचा अर्धा तास ती जपली. नवी खबर आली नाही तेव्हा नाव खोडलं. तुम्ही फोनवर ॲप नव्याने उघडत होता, म्हणून तुम्हाला खरी परिस्थिती लगेच कळली.

अबोली | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

न्यू जर्सीहून वाचतेय. माझं कामच नेटवर्कचं आहे, तेव्हा राहवत नाही. पिंगळा, पंगतीचा दाखला मी उद्या ऑफिसात वापरणार, इथल्या लोकांना जिलबी समजावून सांगावी लागली तरी चालेल.

एक तुकडा राहिला, ताईच्या आयपॅडचा. एअरप्लेची हाक वेगळ्या पत्त्यावर जाते, २२४.०.०.२५१ वर. २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते स्विचने अडवू नयेत, सगळ्या पोर्टांवर सोडावेत, असा दंडक आहे. पंगतीतच बोलायचं तर ते पाणी. जिलबी मागावी लागते, पाणी न मागता मिळतं. म्हणून आयपॅडला स्ट्रीमर दिसत राहिला. तीव्र_मध्यम, तुमच्या तेराव्या तारखेच्या प्रतिसादातच उत्तर पडलं होतं. एअरप्ले दिसतं आणि डीएलएनए दिसत नाही, एवढं कळलं की माझी नजर आधी स्विचकडे जाते.

सगळेच स्विच असं वागत नाहीत. यजमान नसेल तर काही जण सरळ सगळ्यांना वाढतात. काहींत 'अनोळखी मल्टिकास्ट अडवा' अशी वेगळी खूण असते, ती चालू असली की असा कडक उपास घडतो.

दादरकर_काका | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

वा! दोनशे साठ सेकंद! मजा आली. आमच्या काळी दोष इतका प्रामाणिक नसायचा.

तीव्र_मध्यम | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

मी हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांना पंगत कळली, बाकी काही नाही, पण म्हणाले, "मग यजमान आणा."

आता उपाय सांगा. यजमान आणू की वाढप्याला साधा करू?

पिंगळा | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

दोन्ही चालतं. राउटरमध्ये किंवा स्विचमध्ये 'आयजीएमपी क्वेरिअर' अशी सोय असेल तर ती चालू करा. फायबरवाल्यांच्या राउटरात ती सहसा आपल्या हाती देत नाहीत. नसेल तर स्विचमधलं स्नूपिंग बंद करा. घरात पाच-दहा हाका सगळीकडे गेल्याने काही बिघडत नाही.

अबोली | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

एक अपवाद. फायबरवरून टीव्ही येत असेल आणि तो मल्टिकास्टवर असेल, तर स्नूपिंग बंद केल्यावर अख्खा टीव्हीचा लोंढा प्रत्येक पोर्टवर आणि वाय-फायवर पसरतो, मग सगळंच रांगायला लागतं. तुमचे कॅमेरे रेकॉर्डरला थेट पाठवत असतील, त्यांना काही फरक पडू नये.

तीव्र_मध्यम | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

तसा टीव्ही नाही. कॅमेरेवाल्याला फोन केला, स्विचचा पासवर्ड मागितला. "साहेब, तिथे हात लावू नका, कॅमेरे जातील." पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाला, "पासवर्ड डब्याच्या दाराला आतून चिकटवलाय." म्हणजे चोराने डबा उघडला तर त्यालाही सोयीचं!

आत शिरलो. स्नूपिंग चालू होतं आणि 'अनोळखी मल्टिकास्ट अडवा' हेही चालू. क्वेरिअरचं नावही कुठे नाही. दोन्ही बंद केलं. आता अडीच तास झाले, फोनवर शंभरदा ॲप उघडून बघितलं, स्ट्रीमर जागचा हलला नाही. चारही कॅमेरे व्यवस्थित.

पिंगळा, अबोली, काका, खटपट्या, सगळ्यांना आमच्या घरची जिलबी लागू. ओहमराव, तुम्हालाही.

शून्य_ओहम | २२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

आभारी आहे. पण ॲडॅप्टर तरी बदलाच.

तीव्र_मध्यम | २९ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

धागा वर काढतोय. काल रात्री तासभर लाइट गेली होती. आज पहाटे बाबांनी मला उठवलं, "परत पळाला रे तो." कुडाळकर, तुमचं १६९ प्रकरण आता माझ्याकडे आलं की काय?

कुडाळचा_पाऊस | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

काकांचीच कसोटी लावा. पान उघडत नसेल तर माझा आजार, उघडत असेल तर पिंगळ्याचा.

तीव्र_मध्यम | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

पान उघडतंय. पत्ता नीट आहे. एअरप्लेवरही दिसतोय.

पिंगळा | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:१४

सेटिंग बदलल्यावर 'सेव्ह' केलं होतं का? 'अप्लाय' नव्हे. अशा बऱ्याच स्विचांत बदल लगेच लागू होतो पण आठवणीत जात नाही. त्यासाठी वेगळ्या पानावर वेगळं बटण असतं. वीज गेली की स्विच जुन्या सवयीवर येतो.

तीव्र_मध्यम | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

नव्हतं केलं. बटण सर्वांत शेवटच्या पानावर होतं, कोपऱ्यात. केलं. स्विच बंद करून चालू केला, सेटिंग टिकलं. मग स्ट्रीमर चालू ठेवून पाऊण तास थांबलो, दिसतोय. त्या डब्याच्या दारावर पासवर्डखाली चिठ्ठी लावली आहे, 'बदल केल्यास सेव्ह करणे, बाबांची कंबर.'

कुडाळकर, तरीही तुमचं ऐकून राउटरमध्ये स्ट्रीमरला कायमचा पत्ता नेमून टाकलाय, आणि राउटर व डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेत. उगाच परीक्षा कशाला.

निमसरकारी | ३ डिसेंबर, दुपारी १:१५

माझ्याकडे अगदी हेच होतंय! पण माझा स्ट्रीमर वाय-फायवर आहे, स्विच वगैरे काही नाही. फोन दुसऱ्या खोलीत नेला की गायब. घरभर वाय-फाय पोचावं म्हणून तीन डबे असलेला मेश बसवलाय. काय करू?

अबोली | ३ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

हेच नाही, चुलत भाऊ म्हणा. फोन ज्या डब्याशी जोडलाय त्यावरून हाक दुसऱ्या डब्यापर्यंत जात नसेल. मेशच्या ॲपमध्ये मल्टिकास्टशी संबंधित काही 'सुधारणा' चालू असतील तर त्या एकेक करून बंद करून बघा, आणि मेशचं सॉफ्टवेअर ताजं करा. फोनची बॅटरी वाचवायची सोयही त्या ॲपपुरती काढा, काही फोन पडदा बंद झाला की अशा हाका ऐकणंच सोडतात. पण खोली बदलल्यावरच जातो म्हणताय, तेव्हा आधी मेश. आणि कृपया वेगळा धागा काढा, घड्याळातल्या वेळेसकट. :)

तीव्र_मध्यम | २१ डिसेंबर, रात्री ९:५०

शेवटचा अहवाल. तीन आठवड्यांवर झाले, स्ट्रीमर एकदाही हरवला नाही. मधे बाबा पुण्याला सवाईला जाऊन आले. तीन रात्री ताजं गाणं ऐकून कान एकदम तिखट झालेत.

काल म्हणाले, "तुझा डबा आता दिसतो, ते ठीक. पण विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये श्वास तुटतो. गवयाने सम गाठलेली असते आणि हा बाबा थांबतो." वर जाऊन ऐकलं. खरंच, सीडीवर ख्याल दोन ट्रॅकमध्ये कापलेला आहे आणि जोडावर जेमतेम अर्ध्या सेकंदाची शांतता येते. इतकी वर्षं मला ती कधी ऐकू आली नव्हती.

पिंगळा | २१ डिसेंबर, रात्री १०:०८

म्हणजे ॲप स्ट्रीमरला पुढचा ट्रॅक आधी कळवत नाही, पहिला संपल्यावर सांगतं. तशी सोय यूपीएनपीत आहे, पण ॲप आणि स्ट्रीमर दोघांनीही ती पाळायला हवी. नवीन धागा काढा. आणि या वेळी दिवाळीत काय काय बदललं ते पहिल्याच ओळीत लिहा.